मान डोलवायची नाही

इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणाऱ्याला बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण चेहरा मख्ख ठेवता आला पाहिजे. समोरचा छान बोलला म्हणून 'वा' म्हणायचं नाही, चुकला म्हणून भुवई उंचवायची नाही, आणि मान तर मुळीच डोलवायची नाही. एकाला मान डोलावली आणि दुसऱ्याला नाही, तर तो अन्याय. छापील प्रश्न वाचायचा, ऐकायचं, आणि वेळ झाली की 'धन्यवाद' म्हणून मोकळं व्हायचं. नियम बरोबरच आहे हो, पण तो परीक्षेच्या खोलीत ठेवून घरी जायचं असतं. आमच्या बाई तो घरी घेऊन गेल्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम धरलं आणि त्यात इतक्या तरबेज झाल्या की केंद्रातले लोक पाठीमागे त्यांना 'भिंत' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता. नवरा होता तोवर चहात साखर कमी पडली म्हणून तरी भांडायचा, त्यामुळे बाईंचं तोंड वापरात राहायचं. तो गेला. एकुलती एक लेक, बबी, नवरा-पोरासकट आधीच परदेशी. मग बाई आठवडाभरात जे काही बोलत त्यातलं निम्मं छापील असायचं, आणि उरलेलं भाजीवाल्याशी.

बबी दर रविवारी फोन करायची. ती भडाभडा बोलणार, आणि इकडून 'बरं', 'असं का', 'ठीक आहे'. मागच्या रविवारी मात्र ती भडकली.

"आई, मी काय परीक्षेला बसलेय का तुझ्यापुढे? नीट ऐक. ह्यांचा करार संपतोय. नवा आलाय, पाच वर्षांचा. सही करायची की गाशा गुंडाळून तुझ्याजवळ यायचं, ते पुढच्या रविवारी ठरवायचंय. तुला आम्ही यायला हवंय का, तेवढं सांग."

बाईंच्या पोटात एकच शब्द होता, 'या'. ओठापर्यंत आला आणि तिथेच अडकला. आपल्यापायी पोरीच्या संसाराची ओढाताण नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं; पण ते निमित्त हो. बोलायची सवयच मोडली होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा काय ते."

झालं! बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे शाळेत पोरांना शिकवलं कोणी? ह्यांनीच. आठवडाभर त्या स्वतःला बोल लावत राहिल्या.

तो रविवार उजाडला. संध्याकाळी फोन यायचा होता, आणि सकाळी केंद्रावर पाळी होती. खोली नेहमीचीच: एक टेबल, दोन खुर्च्या, मध्ये रेकॉर्डर, भिंतीवर घड्याळ. आत आला तो साठी उलटलेला शिंपी. शर्ट कडक इस्त्रीचा, पण कॉलरच्या मागे एक टाचणी तशीच राहिलेली. बाईंनी त्याच्यापुढे विषयाचं कार्ड ठेवलं. तुमचं मनापासून ऐकून घेणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला.

शिंप्याने सुरुवात दणक्यात केली. माझे शाळेतले शिक्षक, थोर व्यक्तिमत्त्व, मार्गदर्शनाचा दीप... सगळी क्लासची पोपटपंची. ह्याच शिक्षकांना बाई महिनाभर रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडून भेटत होत्या. मध्येच त्याचं पाठांतर तुटलं. त्याने रेकॉर्डरकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, हे खोटं आहे. शिक्षक वगैरे कोणी नाही. माझं ऐकायची ती माझी बायको. ती वारली. आता परदेशी मुलीकडे जायचंय, त्याला ही परीक्षा लागते. मुलगी फोनवर विचारते, कसे आहात? मी म्हणतो, मजेत. संपलं बोलणं."

आणि तो थांबला. पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं, पण डोळे बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. आपलं बोलणं समोर पोचतंय का, एवढंच त्याला हवं होतं. घड्याळ चाललं होतं. असाच गप्प राहिला तर गुण जाणार, आणि गुण गेले तर मुलगी लांबच राहणार.

बाईंनी मान डोलावली.

हळूच, एकदाच. रेकॉर्डरला काही मान ऐकू येत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

मग शिंपी सुटलाच. बायको शेजारी बसून बटणं लावायची. माप दिल्यापासून कपडे नेईपर्यंत गिऱ्हाईकांची पोटं सुटतात आणि दोष माझ्या कात्रीला, असं मी कुरकुरायचो. ती रोज तेच ऐकून रोज नव्याने हसायची. व्याकरणाच्या चिंध्या झाल्या, पण गडी अडला नाही. वेळ संपल्यावर बाई म्हणाल्या, "धन्यवाद." गुण त्यांनी जेवढ्यास तेवढे दिले, बोलण्याच्या ओघाचे मात्र चांगले पडले.

संध्याकाळी फोन वाजला.

"आई, ह्यांनी कागद समोर ठेवलेत," बबी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "मला इथे आता नको झालंय गं. पण तुला आमची अडचण होणार असेल तर तसं सांग. येऊ का आम्ही?"

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांनी मान डोलावली. एकदा नाही, दहादा डोलावली, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

"आई?"

बाई मान हलवतच होत्या.

"बरं," बबी म्हणाली. "कळलं मला." आणि फोन ठेवला गेला.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. अगं बाई गं! फोनवर कुठली दिसतेय मान! त्यांनी लगेच नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. शेवटी यंत्रातली बाई मख्ख आवाजात म्हणाली, निरोप ठेवा. टूं वाजलं, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

समोर कोणी नव्हतं. आधी बाईंचा नुसता श्वास यंत्रात गेला.

"बबी," त्या म्हणाल्या, "मी मान हलवत होते गं. हो म्हणत होते. सही करू नका. या. सगळे या. मला इथे करमत नाही, एक दिवस करमत नाही. बाबा गेल्यापासून मी चहा दोन कपांचा टाकते आणि एक ओतून देते. तुला कधी सांगितलं नाही. आज एक शिंपी आला होता बघ, त्याची बायको..."

टूं. वेळ संपली म्हणून यंत्राने मध्येच तोडलं, 'धन्यवाद'सुद्धा म्हटलं नाही.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा नंबर लावला.