पहिल्या यादीच्या खाली

मित्रांनो, माझ्यासमोर हजारो माणसं उभी राहिली, पण मला कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या पोटातल्या कागदांवर. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजचा जुना नोटीस बोर्ड. सागवानी चौकट, आत हिरवं कापड, पुढे काचेची दोन दारं आणि एक पितळी कुलूप, एवढाच माझा संसार.

मिरजेच्या एका सुताराने मला घडवलं. त्याच्या शेजारी सतारी बनत. माझ्यावर रंधा फिरत असताना भिंतीपलीकडे कुणीतरी तारा जुळवून पाहत असायचं. ते सूर माझ्या लाकडात मुरले असावेत, कारण मी जन्मापासूनच थोडा स्वप्नाळू निघालो.

सांगलीजवळ विश्रामबागेत, कॉलेजच्या लांब व्हरांड्यात मला टांगलं. दुपारी व्हरांडा रिकामा झाला की समोरचं आभाळ माझ्या काचेत उतरायचं. ढग वेळापत्रकावरून सावकाश सरकत जायचे. परीक्षेच्या सूचनेवर एखादी घार गिरक्या घ्यायची. अशा वेळी मीही अर्धा झोपेत असे. शिपाई नानासो आला, सदऱ्याच्या बाहीने काच पुसू लागला, की मला जाग यायची.

जून उजाडला की मात्र झोप उडे. प्रवेशाच्या याद्या लागायच्या. नानासोला जुनी यादी काढायचा कंटाळा, म्हणून जुन्यावर नवी टाचायची अशी त्याची रीत. त्यामुळे माझ्या पोटात तीन-तीन वर्षांची नावं एकावर एक निजलेली असत.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. अर्ज भरायची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. वडूजकडून एक मुलगी आली. उंच, सावळी, हातात कापडी पिशवी. नाव हरणा. बरोबर तिचे वडील बिराप्पा, खांद्यावर घोंगडं आणि डोक्याला लाल पागोटं. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. हरणा साताऱ्यात राहून इंटर सायन्स झाली होती.

ऑफिसच्या खिडकीत हेडक्लार्क लालासाहेब बसले होते. त्यांनी विचारलं, "किती पडले?"

"तीनशेपैकी दोनशे एकवीस."

"मागच्या वर्षी पहिली यादी दोनशे चोवीसला थांबली. यंदा सव्वीसला थांबेल. साताऱ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जागा मिळतेय म्हणता ना? मग ती सोडू नका, ताई. तीच धरा."

लालासाहेब वाईट माणूस नव्हते. जे दिसत होतं तेच त्यांनी सांगितलं. अडचण अशी होती की पहिल्या यादीसाठी अर्ज करायचा तर मूळ मार्कलिस्ट आणि दाखला इथे जमा करावा लागे. यादीचं सगळं मिटेपर्यंत, म्हणजे एक जुलैपर्यंत, इथला हक्क सोडल्याशिवाय ते परत मिळत नसत. आणि साताऱ्याची मुलाखत अठरा जूनला, तीही मूळ कागद हातात असतील तरच. इथे कागद ठेवले की तिथली पक्की जागा गेली. पहिली यादी सोडून पुढच्या यादीची वाट बघावी, तर तिच्यात जेमतेम पाच-सहा जागा उरायच्या.

बापलेक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बिराप्पा काचेत बघत म्हणाले, "सायेब म्हंत्यात ते खरं आसंल, पोरी."

हरणा मागच्या वर्षीची यादी वाचत होती. तिचा चेहरा माझ्या काचेत पडला होता आणि तो नेमका शेवटच्या नावाच्या खाली, कोऱ्या जागेत तरंगत होता. मला वाटलं, तो तसाच तिथे राहावा.

मग तिने नानासोला हाक मारली. "मामा, ही तांबड्या शाईची काट कसली?"

"ती पोरं दुसरीकडं गेली. कुनी पुण्याला, कुनी मिरजंला डाक्टरकीला. एक गेला की प्रतीक्षेतला एक वर घ्यायचा. खाली हातानं लिवल्यात, ते तसं आल्यालं."

"जुन्या याद्या हायेत?"

नानासोने कुलूप उघडलं. माझी दारं कुरकुरली. एकेक कागद उचलून तिने एकाहत्तरपर्यंतच्या याद्या पाहिल्या. किती नावांवर काट, खाली किती नावं, शेवटच्या नावापुढे किती मार्क, सगळं वहीत उतरवलं. माझ्या पोटात इतक्या हळुवारपणे आजवर कुणी हात घातला नव्हता. पहिल्या वर्षी एकोणीस जण गेले होते, दुसऱ्या वर्षी बावीस, तिसऱ्या वर्षी वीस. दर वर्षी यादी पाच-सहा मार्कांनी खाली उतरली होती.

"आबा," ती म्हणाली, "सायबांनी पहिल्या दिवशीची यादी सांगितली. यंदा ती सव्वीसला थांबली तर उतरून एकवीस-वीसपर्यंत येईल. मी एकवीसवर, ऐन काठावर हाय. अर्धं व्हय, अर्धं न्हाई."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर सातारा बी न्हाई, सांगली बी न्हाई. वरीस घरात."

बिराप्पा भिंतीला टेकून खाली बसले. मग हरणाच म्हणाली, "दुष्काळात आपन तळ्याच्या कामावर माती वाहत हुतो, आठवतंय? त्यो सायेब तीन पायांच्या दुर्बिणीतनं बघायचा आन् सांगायचा, पानी हितवर चढंल. तवा पानी न्हवतंच कुटं. पन पुढच्या साली तितवरच चढलं. मला ते बघायला शिकायचंय."

बिराप्पांनी पागोटं सारखं केलं. "हे बघ, मला मार्कातलं काय कळत न्हाई. पन मेंढरं घिऊन निघतुया तवा चारा कुटं हाय हे कोन सांगतंय? मागल्या सालचं आठवायचं, वारं बघायचं आन् निघायचं. तू मागल्या तीन सालचं बघितलंस. आता निघ. वरीस गेलं तर आपलं गेलं, दुसऱ्याचं न्हाई."

हरणाने कागद जमा केले. अठरा तारीख आली, गेली. साताऱ्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

चोवीस जूनला माझ्यात यादी लागली. ती दोनशे पंचवीसला थांबली होती. खाली प्रतीक्षेतली तीस नावं. एकविसावं नाव, कोळेकर हरणा बिराप्पा.

बिराप्पांना मेंढरांकडे परतणं भाग होतं. नानासोच्या बायकोने, राहीबाईने, हरणाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आठ दिवस ती रोज सकाळी यायची आणि माझ्यासमोरच्या कट्ट्यावर बसून राहायची. राहीबाईने दिलेली भाकरी तिथेच खायची. लालासाहेब तांबडी शाई घेऊन आले की उठून उभी राहायची. मी तिच्यासाठी नावं मोजायला शिकलो. चार. नऊ. चौदा. दुपारच्या शांततेत मला स्वप्न पडे की माझ्या हिरव्या कापडावर पाणी चढतंय, एकेका नावाला भिजवत वर येतंय, आणि ती काठावर उभी राहून बघतेय.

तीस जूनला अठरा झाले. एक जुलैला दुपारपर्यंत वीस. मग तास गेला, दोन तास गेले. कुणी आलं नाही. पाच वाजता खिडकी बंद होणार होती. लालासाहेब बाहेर येऊन म्हणाले, "ताई, कागद घेऊन जा आता. उद्यापासून दुसऱ्या यादीचं काम, तिथे ही प्रतीक्षा चालत नाही."

"पाच वाजूदेत, साहेब."

ते आत गेले. हरणाने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. ती रडत नव्हती. फाटकाकडे बघत होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना विट्याचा सयाजी आला. चांगला इस्त्रीचा शर्ट, केसांचा नीट भांग. त्याचं नाव यादीत बरंच वर होतं. रमतगमत खिडकीशी जाऊन तो म्हणाला, "माझे मूळ कागद हवेत. मला मिरजेला मेडिकल मिळालंय. आठवडा झाला. मामेभावाचं लगीन होतं, म्हणून राहून गेलं."

"अर्ज लिहून द्या, प्रवेश सोडत असल्याचा," लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

सयाजीने खिसे चाचपले. "पेन विसरलो की."

हरणा उठली. पिशवीतून पेन काढून तिने त्याच्यापुढे धरलं. माझ्याच चौकटीला कागद टेकवून त्याने चार ओळी लिहिल्या. पेनाचं टोक मला लाकडातून जाणवत होतं. पेन परत देताना त्याने सहज विचारलं, "तुमी कशाला थांबलाय?"

"तुमचं नाव निघायची वाट बघत होते," हरणा म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "मला ठाऊकच नव्हतं, ताई. कुणी थांबलं असंल असं डोक्यातच आलं नाही."

लालासाहेबांनी तांबडी रेघ ओढली आणि यादीच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात हरणाचं नाव लिहिलं. पाच वाजले होते. नानासो कुलूप लावायला आला आणि कुलूप तसंच हातात धरून उभा राहिला. हरणाने काचेवर बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं. मग एकदम खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.

पुढची वर्षं ती याच व्हरांड्यातून जात राहिली. कधी तिच्या हातात लांब गुंडाळलेले नकाशे, कधी खांद्यावर ती तीन पायांची दुर्बीण. मग ऑफिस नव्या इमारतीत गेलं, तिथे लोखंडी बोर्ड आले. माझी एक काच तडकली होती. मला सायकल स्टँडच्या भिंतीशी टेकवून ठेवलं. हरणाचा शेवटचा निकाल त्या लोखंडी बोर्डावर लागला, त्यामुळे मला वाचायला मिळाला नाही. नानासोने येऊन सांगितलं, "पास झाली रं गड्या, फस्कलास!"

आता माझ्या कापडाला कसर लागलीय. मुलं माझ्यावर सायकली टेकवतात, चौकटीवर खिळ्याने नावं कोरतात. तक्रार नाही, पण खिळा लागतो, मित्रांनो. जमलं तर मला एखाद्या कोरड्या भिंतीवर टांगा. काच नसली तरी चालेल.

आणि एक मागणं आहे. यादीत तुमचं नाव आलं आणि तुम्हाला तिथे जायचं नसेल, तर लग्नकार्य उरकायला थांबू नका. त्याच दिवशी जाऊन सांगा. यादीच्या खाली, कट्ट्यावर, कुणीतरी मांडीवर पिशवी धरून बसलेलं असतं. तुम्हाला ते दिसत नाही. मला दिसतं.