धुळीवाचूनचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना पोलादी डबा आहे. नवखे लोक मला कुकर समजतात, त्याचा मला राग येतो. प्रयोगशाळेत मला निर्वातपात्र म्हणतात. पंपाने माझ्यातली हवा ओढून काढायची आणि मग आत प्रयोग करायचे, यासाठी माझा जन्म. अक्कलकोट रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये सिद्धप्पा टर्नरने मला घडवलं. जोडातून केसाएवढीही हवा शिरू नये म्हणून त्याने मला तीनदा उकलून पुन्हा जोडलं. आता मिरवण्यासारखं तेवढंच उरलंय.

पुढे सोलापुरातल्या एका कॉलेजात आलो. पाहुणे यायचे तेव्हा मला पुसून दाखवायचे, एरवी कुणी विचारत नसे. खरं काम दिलं ते ऋतुजाने. ती माढ्याची, पीएच.डी. करणारी. सहा वर्षं तिने एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: बर्फाचा पहिला कण धरायला धूळ लागतेच का? ढगात पाणी गोठतं ते बहुधा धुळीच्या आधाराने. ऋतुजाचं म्हणणं, वायू पुरेसा गार असेल आणि त्यातून वीज खेळत असेल, तर धुळीवाचूनही बर्फ धरतो.

ती माझ्यातली हवा काढायची, थोडा हलका वायू सोडायची आणि त्यातून वीज खेळवायची. वायू उजळायचा. त्याला प्लाझ्मा म्हणतात. आतल्या दोन पट्ट्या ती द्रवरूप नायट्रोजनने गार करायची. जनावरांच्या दवाखान्यात तो ज्या टाकीतून येतो, तसल्याच टाकीतून आमच्याकडे यायचा. मग किंचित पाण्याची वाफ. थोड्या वेळाने पट्ट्यांच्या मध्ये बर्फाचे कण तरंगू लागायचे. प्रत्येक कणावर विजेचा ऋण भार बसतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. एकेकटे वाढतात, लांबट होतात, त्यांना फांद्या फुटतात. फार देखणे दिसायचे.

खंडेनवमीला ऋतुजा झाकण उघडून मला साफ करत होती. कापूस संपला म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात आमचे शिपाई ईश्वरप्पा ताट घेऊन आले. दरवर्षी ते मला हळदकुंकू वाहायचे, बाहेरून. त्या दिवशी झाकण उघडं दिसलं, म्हणून त्यांनी काठाला बोट लावलं आणि चिमूटभर कुंकू आत सांडलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं. वरवर गेलं. पट्टीच्या कडेला राहिलं, ते फक्त मला कळलं.

पुढचे चार महिने ऋतुजाने दुसऱ्या कॉलेजातून चांगला कॅमेरा आणून तिचे सगळ्यात सुंदर फोटो काढले. त्यांवर प्रबंध लिहिला. मी आतून तडफडत होतो.

फेब्रुवारीत तिला पट्टीच्या कडेला लाल काहीतरी दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. कुंकू होतं. तिने ईश्वरप्पांना बोलावून विचारलं.

ईश्वरप्पांनी लगेच कबूल केलं. "ताई, माझ्या हातनंच सांडलं की. पुसलं व्हतं मी. तुमी रागवाल म्हणून बोललो न्हाय."

"मामा, त्याच दिवशी सांगितलं असतं तर तासाभरात धुऊन काढलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर ईश्वरप्पांना बरं वाटलं असतं.

तिचे सर म्हणाले, "कुणाला कळतंय? फोटो तर खरेच आहेत."

"फोटो खरे आहेत सर. पण बर्फ कुंकवावर धरला असेल, तर माझं म्हणणं खोटं आहे," असं म्हणून तिने चार महिन्यांचं काम स्वतःच्या हाताने बाजूला काढलं. प्रबंध द्यायची मुदत मार्चअखेर संपत होती. वाढवून मागितली, मिळाली नाही. आणलेला कॅमेराही परत गेला.

शेवटच्या दिवशी टाकीच्या तळाशी थोडा नायट्रोजन होता. तिने मला तीनदा धुतलं, वाळवलं आणि वायू उजळवला. आत धुळीचा कणही नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. बराच वेळ काही झालं नाही. मग एक कण चमकला. मग खूप.

"मामा, बघा," ती म्हणाली. ईश्वरप्पा माझ्या खिडकीच्या काचेला डोळा लावून म्हणाले, "व्हय ताई, हाय की." दोघं बघत राहिले. नायट्रोजन संपला, पट्ट्या तापल्या आणि बर्फ गेला. एवढे बारीक कण मोबाइलमध्ये येत नाहीत, म्हणून फोटो नाही; दुसऱ्यांदा करून बघायला नायट्रोजन नाही. असलं शास्त्रात धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने नोंदणी रद्द करायच्या अर्जावर सही केली. आता ती कुर्डुवाडीत आठवीचे क्लास घेते. मी जिन्याखाली आहे, माझ्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवतात.

मित्रांनो, वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायचं असतं. मला जपून आता उपयोग नाही. तुमच्या हातून काही चुकलं तर पुसून गप्प बसू नका, त्याच दिवशी सांगा. ईश्वरप्पांनी जिच्यापासून ते लपवलं, त्या ऋतुजाचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या पोटात ते खरं झालं, आणि माझी साक्ष काढायला कुणीही येणार नाही.