निम्मा डबा

बाईंनी भिंतीवरचा साबणाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आत उरलेला निम्मा साबण बेसिनमध्ये ओतून दिला. नळ सोडला. फेस वर आला तसा हातानेच जाळीकडे ढकलला. पाळणाघरातली मुलं अजून दुपारच्या झोपेत होती, म्हणजे कोणी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी फोन लावला.

"अहो, साबण संपला."

"एवढ्यात?" साबणवाले म्हणाले.

"मुलं आहेत. हात धुतात."

एरवी बाई इतक्या काटकसरी, की पेन्सिल बोटांत धरता येईनाशी होईपर्यंत टाकत नसत. साबणाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सैल सुटला होता. साबण संपला की साबणवाले यायचे, कॅनमधून डबे भरायचे आणि मुलांच्या खुर्चीवर कसेबसे बसून चहा प्यायचे. पहिल्या काही खेपांना ते बाईंना 'ताई' म्हणत. पुढे ते 'ताई' कधीतरी गळून पडलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, पण बाईंनी ते लक्षात ठेवलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटचं मूल घरी गेलं की संध्याकाळी घर खायला उठायचं.

दुसऱ्या दिवशी साबणवाले आले, ते कॅनशिवाय. पिशवीतून त्यांनी दोन नवे डिस्पेन्सर काढले.

"जुने डबे बदलू या. उरलेल्या साबणावर नवा ओतत राहिलं की तळाशी जंतू वाढतात. लहान मुलांना ते बरं नाही. यात बंद पिशवी बसते. दाबलं की थोडासाच फेस येतो, पाणीही कमी लागतं. रिकामी पिशवी कंपनी परत घेते."

"आणि भरायला?"

"भरायचं नाहीच. नवी पिशवी पार्सलने येते." त्यांनी एक डिस्पेन्सर भिंतीला लावून पाहिला. "सहा महिने तुम्ही निवांत."

निवांतपणा तर बाईंकडे नको इतका होता. जुनेच राहू देत, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात एक चिमुरडी झोपेतून उठून दाराशी आली. अंगठा तोंडात होता. बाई त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"बसवा," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. आलं किसताना डोळे भरून आले. आल्याने काही डोळ्यांत पाणी येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बाहेर येऊन पाहतात तो दोन्ही डिस्पेन्सर मुलांच्या हाताला येतील असे बसले होते. साबणवाल्यांनी ते छोट्या किल्लीने बंद केले आणि दोन्ही किल्ल्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

"किल्ल्या?"

"माझ्याकडे असू देत. मुलांच्या हाती नकोत. मी दर आठवड्याला येऊन बघून जाईन."

"सहा महिने पुरतो म्हणालात ना?"

साबणवाल्यांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. बेसिनच्या जाळीकडे बघत म्हणाले,

"पुरतो की. ओतून दिला नाही तर."

बाईंचे कान तापले. त्यांनी हात पुढे करून त्यांच्या हातातला भरलेला कप काढून घेतला.

"गार झालाय," त्या म्हणाल्या. "दुसरा टाकते."