शीग लावलेले मापटे

मित्रांनो, कल्पना करा की तुमच्या ताटातल्या भाकरीची ज्वारी कुणीतरी मोजून दिली आहे आणि मोजणाऱ्याला उद्याची खात्री नाही. असे दिवस मी पाहिले आहेत. मी एक जुने मापटे आहे, धान्य मोजायचे लोखंडी भांडे. आज माझा पत्रा काळवंडला आहे, बुडाला पोचे आले आहेत. पण एके काळी माझ्या काठावर साऱ्या वस्तीचे डोळे खिळलेले असत.

धारूरच्या एका लोहाराने मला घडवले आणि शहादेवमामांनी मला वस्तीवर आणले. बालाघाटाच्या उतारावर पंधरा-वीस ख्रिस्ती घरे होती. मातीच्या भिंतींचे, पत्र्याच्या छपराचे चर्च होते, त्याला सारे देऊळच म्हणत, आणि मामा तिथल्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे होते.

बहात्तर साली मोठा दुष्काळ पडला. माणसे खडी फोडायला जात. देवळात वाटायला लाल ज्वारीची पोती येत. मामा मला भरत आणि काठावरून काठी फिरवून दाणे सपाट करत. एके दिवशी मुक्ताबाई पदर पसरून उभी राहिली. तरणीताठी विधवा, हाताशी लहानगा अर्जुन.

"मामा, शीग लावा की." शीग म्हणजे मापाच्या काठावर उभी राहणारी दाण्यांची टेकडी.

"आगं मुक्ते, पोतं तळाला चाललंय. गाडीचा पत्ता न्हाई. उद्या काय माती मोजू?"

"काल काय मोजलं?"

"ज्वारी."

"आन परवा?"

"ज्वारीच की!"

"मग उद्याचं तुमी कावून घोर करता? कालचं काय तुमी पिकवलं हुतं?"

माणसे खदखदून हसली. मामाही हसले आणि त्यांनी काठी बाजूला ठेवली. त्या दिवसापासून प्रत्येक पदरात मी शिगेसकट रिकामे झाले. गाडी अकराव्या दिवशी आली. तेव्हा मी पोत्याच्या तळाला खरवडत होते, पण वस्तीवर कुणी उपाशी निजले नव्हते.

पुढे पाऊस झाला, ज्वारी आली. उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या रविवारी मंडळीने देवाला शब्द दिला. दरसाल खळ्यावरचे पहिले मापटे, शीग लावून, ज्या घरची चूल थंड असेल त्या घरी पोचवायचे. ते घर कोणत्या देवाचे हे विचारायचे नाही. मला मुक्ताबाईच्या घरी ठेवले. ते माझे सुखाचे दिवस! सुगीत ती मला चिंचेने घासायची, तेव्हा मी चांदीसारखे चमकायचे.

मग सहकारी साखर कारखाना आला. अर्जुन आता अर्जुनराव झाला होता. तो सभासद झाला, विहिरीला पंप बसला, साऱ्या रानात ऊस उभा राहिला. देव कुणी सोडला नाही, मित्रांनो. रविवार चुकत नव्हता. पण ज्वारीच पेरली नाही, म्हणून खळे झाले नाही. आणि खळे नाही, म्हणून पहिले मापटेही नाही.

"ऊस काय मापट्यानं मोजतेत का, आई?" अर्जुनराव हसून म्हणाला.

"ऊसवाला झालास व्हय रं? भाकरी तर ज्वारीचीच खातूस!"

ती होती तोवर बाजारातून ज्वारी आणून मला भरत राहिली. ती गेली आणि मी आधी खिळ्यांचे भांडे झाले, मग नटबोल्टचे, शेवटी खुराड्यात कोंबड्यांच्या दाण्याचे. बावीस वर्षे मला कुणी घासले नाही. रागावण्याइतके बळही माझ्यात उरले नव्हते.

पुन्हा पाऊस रुसला. ऊस उभ्या उभ्या वाळला. कारखान्याच्या धुराड्यातून त्या साली धूर निघाला नाही. वस्तीवर टँकर येऊ लागला. अर्जुनराव देवळातून घरी आला की वाळल्या उसाकडे बघत राही. "देव आमाला इसरला," एवढेच म्हणे.

एका सकाळी त्याची नात सुवार्ता खुराडे झाडत होती. तिने मला उचलले, राखेने घासले आणि आजोबांपुढे धरले.

"आबा, हे काय हाय?"

अर्जुनरावाने मला हातात घेतले. त्याचा अंगठा माझ्या काठावरून फिरत राहिला. हळूहळू त्याने सगळे सांगितले, आईचे, मामांचे, दिलेल्या शब्दाचे. सुवार्ता ऐकता ऐकता घाबरली.

"म्हंजे आपुन इसरलो म्हनून देवानं पाऊस बंद केला?"

म्हाताऱ्याने तिला जवळ ओढले. मग म्हणाला, "न्हाई गं माय. बावीस वर्सं मी इसरलो. तरी विहिरीला पानी हुतं, तुजा बाप शिकला, तू जलमलीस. त्यो रुसनारा असता तर पयल्याच सालाला रुसला असता. इसरलो मी, आन बोल त्याला लावत बसलो."

मित्रांनो, मी पत्र्याचे भांडे. पाऊस का पडत नाही हे मला कळत नाही. पण मी खुराड्यात पडले होते तेव्हाही या घरात रोज भाकरी भाजली जात होती, हे मी पाहिले आहे. तुमच्याही घरात असे काही जुने पडले असेल. ते टाकण्याआधी मोठ्यांना एकदा विचारा, त्याने काय काय पाहिले आहे.

सुवार्ता उठली. कणगीत आठ दिवसांची ज्वारी होती. तिने मला भरले.

"आगं, आपल्यालाच पुरंना!" तिची आई कळवळली.

"भरू दे तिला," अर्जुनराव म्हणाला.

मला दोन्ही हातांत धरून ती शेजारच्या छबुबाईकडे गेली. छबुबाईची पोरे दूरच्या जिल्ह्यात ऊस तोडायला गेली होती, म्हातारी एकटीच होती. तिने दाणे सुपात ओतून घेतले आणि डोळे पुसले.

"मापटं राहिलं की, पोरी!"

"राहू द्या आज्जी, मुद्दाम ठिवलंय. उद्या आमच्या दळनाला लागंल, तवा मी न्यायला येईन. परवा पुन्ना आनून ठिवीन."

"आगं बया! एवढे हेलपाटे कशापायी?"

"मापटं तुमच्याकडं असलं म्हंजे मला यावंच लागंल. मग तुमी जेवला का न्हाई, ते कळंल."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी दाराची कडी वाजली. सुवार्ता उंबऱ्यात उभी होती, आणि माझ्याकडे हात करण्याआधी ती चुलीकडे पाहत होती.