चालतंय का?

नोकरीचं नाव काढलं, किंवा कॉम्प्युटरचा अर्धवट राहिलेला कोर्स पुरा करते म्हटलं, की माझे सासरे, आबा, एकच वाक्य तोंडावर फेकतात. "सुपारीच्या दिवशी तूच म्हणलीस, शिक्षण सोडलं तरी चालतंय. क्यासेटात हाय." केंदूरच्या या घरात ते ऐकत ऐकत मी चाळिशी ओलांडली. मला असं काही बोलल्याचं आठवत नाही. पण सगळ्यांनी ऐकलंय म्हटल्यावर माझ्या आठवणीला कोण विचारतंय? हल्ली तर मलाही वाटायला लागलं होतं, म्हटलं असेन.

यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. आबांना ती सुपारीची कॅसेट मंगल कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर हवी. काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण घरातला कॉम्प्युटर मीच चालवते. तो इतका जुना की विंडोज त्यावर धापा टाकतं, म्हणून तिच्या जागी मी हलकं लिनक्स टाकलंय. दौंडहून भावाचा व्हीसीआर आणला. कॅसेटची झडप उचलून पाहिली तर फितीवर पांढरी बुरशी. एकदा फिरली तर फिरली, दुसऱ्यांदा भरवसा नाही. म्हणजे व्हीसीआरमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड पहिल्याच फटक्यात चालायला हवं होतं. नाहीतर त्या दिवशी मी काय बोलले, ते मला कधीच कळणार नव्हतं.

शिक्रापूरला चांदभाईंच्या दुकानात विचारलं, "हे लिनक्सवर चालतं का?"

"चालतंय की, ताई."

घरी आणून जोडलं. कॅसेट घातली नव्हती हे नशीब, कारण कॉम्प्युटरला कार्ड दिसेचना. इंटरनेटवर धुंडाळलं तेव्हा उलगडा झाला. खोकं तेच असतं, आतली चिप मात्र वेगवेगळी निघते, आणि लिनक्स त्यातल्या काहींनाच ओळखतं. तावातावाने परत गेले.

"चांदभाई, तुम्ही तर चालतंय म्हणालात."

"त्ये लिनक्स मला काय ठाऊक न्हाई, ताई," ते ओशाळून म्हणाले. "गिऱ्हाइकानं इचारलं की त्वांडातून निघतंच, चालतंय."

यावर भांडणार तरी काय? पेनड्राइव्हवर लिनक्स नेलं होतं, त्यावर त्यांचाच कॉम्प्युटर सुरू केला आणि एकेक कार्ड लावून बघितलं. दुकानातल्या डीव्हीडी प्लेअरचं चित्र ज्यावर उमटलं, ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅसेट घातली. आबा खुर्ची ओढून शेजारीच बसले. पडद्यावर मांडव आला, माझे वडील आले, काळ्याभोर मिशांचे आबा आले. ते वडिलांना म्हणत होते, "पोरीला शिक्षण सोडावं लागंल. चालतंय का?" वडील खाली बघत राहिले. मग माझा आवाज आला, खणखणीत. "चालतंय."

"ऐकलंस?" आबा म्हणाले.

तेवढ्यात व्हीसीआर करकरला आणि फीत तुटली. पण होतं तेवढं कॉम्प्युटरमध्ये आलं होतं. मी मागे नेलं, आवाज वाढवला. आबांच्या प्रश्नानंतर आणखी एकजण बोलला होता, कॅमेऱ्यामागचा शूटिंगवाला. "ताई, लाईट डोळ्यावर येतोय, चालतंय का?" आणि मी डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघत म्हटलं होतं, चालतंय.

पुन्हा लावलं. आबांनी नीट ऐकलं आणि ते दाराबाहेर बघू लागले.

"झालं त्ये झालं," ते म्हणाले. "आता काय त्याचं?"

मला रडू आलं नाही, राग आला. एका दिव्याला दिलेल्या उत्तरावर या लोकांनी मला इतकी वर्षं घरात बसवलं, आणि मीही बसले.

संध्याकाळी रांजणगावच्या कंपनीची बस माझ्या नवऱ्याला, विक्रमना, फाट्यावर सोडून गेली. दारात चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "काय गं, चालतंय का?"

"न्हाई चालत."

"आता ह्ये कार्ड पण?"

"कार्ड चालतंय," मी म्हणाले.