लाल टॅक्सीतला जुना स्पीकर

मित्रांनो, घानातल्या ताकोराडी बंदरातल्या एका लाल टॅक्सीच्या दारात उमेदीची वर्षं घालवलेला मी एक जुना स्पीकर आहे. गाडी कारखान्यात बनली तेव्हाच मला आणि माझ्या जुळ्या भावाला पुढच्या दोन दारांत बसवलं. आमचे पडदे कागदाचे, लोहचुंबक जेमतेम. तरी आमची मालकीण अराबा हिने ही टॅक्सी चालवायला घेतली तेव्हा आमचं केवढं कौतुक झालं. बंदरावरच्या मासळीवाल्या मागच्या सीटवर बसून आमच्या तालावर खांदे उडवत.

पुढे समुद्राची खारी हवा, दारात झिरपणारं पाणी आणि अराबाचा आवाज चढवायचा सोस, यांनी आम्ही खचलो. भावाचा पडदा फाटला. माझा गळा चोंदला.

अराबाचे वडील एबो तरुणपणी नाचाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. टॅक्सीत बसले की ते तोंड वाकडं करत. "हे ट्रंपेट आहे की पडसं झालेला बोकड?"

एके दिवशी रेडिओवर सांगितलं, त्यांच्या बँडचं जुनं ध्वनिमुद्रण सापडलंय, रविवारी दुपारी वाजणार. घरातला रेडिओ कधीच मुका झाला होता. ऐकायचं तर टॅक्सीतच.

"मी नाही ऐकणार," एबो म्हणाले. "सगळे गेले, एकटा मी उरलोय. त्यांची अशी थट्टा ऐकायला?"

अराबाने त्यांना गाडीत घातलं आणि थेट मान्साकडे नेलं. मान्सा तिची मैत्रीण, मोटारींचं वायरिंग करणारी.

"चांगला मोठा अॅम्प्लिफायर बसव," अराबा म्हणाली.

"आणि तुझ्या बॅटरीने रस्त्यात मान टाकली की ढकलायला कोण येणार, मी? रेडिओ आहे तोच राहू दे. त्याची ताकद थोडी, तर तेवढ्या ताकदीतच मोकळं गाणारे स्पीकर घालू. अन् दाराची भोकं बुजवू. निम्मा आवाज तिथेच मुरतोय."

तिने आम्हाला बाहेर काढलं. दारातली आपली रिकामी जागा पाहून मला भरून आलं. मान्साने पत्र्याची भोकं चिकट पट्ट्यांनी झाकली, नव्या स्पीकरांखाली फोमची कडी घातली, स्क्रू घट्ट पिळले आणि रेडिओ लावला. आवाज स्वच्छ होता, पण पोकळ.

एबो बाकावर केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा आणि तळलेला मासा खात बसले होते. घास हातातच राहिला. "पोरी, हे दोघं एकमेकांकडे पाठ करून वाजवतायत."

मान्साने पाहिलं. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या.

"काका, कान आहेत की मीटर?"

"बँडमध्ये भांडणं झाली की अगदी असंच वाजायचं."

तारा सुलट झाल्या आणि ढोल छातीला भिडला. एबोंनी मासा बाजूला ठेवला.

रविवारी टॅक्सीची दारं सताड उघडी होती, भोवती मासळीवाल्या जमल्या होत्या. मी डिकीतल्या खोक्यात होतो. गाणं सुरू झालं, ट्रंपेट उंच चढलं.

"पापा, काय वाजवलंय तुम्ही," अराबा म्हणाली.

"तो मी नव्हे. तो कोबिना." एबोंनी डोळे मिटले. "त्याच्याखाली बघ. हळूच टेकू देतोय ना, तो मी."

अराबा दाराशी वाकली आणि ऐकत राहिली. शेवटी एका मासळीवालीने एबोंना हाताला धरून उठवलं, आणि ते नाचले. मित्रांनो, तो खालचा सूर माझ्या कागदातून कधीच बाहेर पडला नसता. जागा गेल्याचं दुःख करायचं होतं, ते राहूनच गेलं.

भावाचं लोहचुंबक आता मान्साचे स्क्रू सांभाळतं. माझी कड तिने चिकटवली, आणि मी तिच्या दुकानात फुटबॉलचं वर्णन ऐकवतो. माणसाचं बोलणं मला अजून छान जमतं.

तुमच्याकडे माझे भाऊबंद असतील तर त्यांना ओल लागू देऊ नका, गळा फाटेस्तोवर ओरडायला लावू नका. आणि गाणं लागलं की जरा खालीही कान द्या. तिथे कुणाचे तरी वडील वाजवत असतात.