सामाईक फळ्या

थोरल्यांचा दिवस दुपारी चार वाजता सुरू होई. त्याआधीचा चहा, दाढी, पेपर, जेवण, वामकुक्षी हे सगळं ते स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखं कसंबसं उरकत. चारला समुद्रावरून वारा सुटे आणि पलीकडून धाकटे भिंत ठोकत. ठक ठक ठक. जरा थांबून ठक ठक. थोरले लगेच काठी उलटी धरून तिच्या मुठीनं तेवढंच ठोकत, जरा जास्त जोरात. मग पुन्हा पलीकडून. कधी हे अर्धा तास चाले, कधी दिवेलागणीपर्यंत. शेवटी धाकटे दमत, आणि थोरले जिंकल्याच्या आनंदात चहा टाकत. एका कपाचा.

धाकटे म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघं एकाच घरात राहत आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नसत.

घर वडिलांनी बांधलेलं. बाहेरून सगळ्या अंगाला आडव्या लाकडी फळ्या, वरची खालचीवर बोटभर चढलेली, म्हणजे पाऊस आणि लाटांचा फवारा अंगावरून घरंगळून जावा. समुद्राकडच्या भिंतीसाठी वडिलांनी हट्टानं अठरा-अठरा फुटी फळ्या आणल्या होत्या. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकच फळी. जोड नाही तिथं पाणी नाही, असं ते येईल त्याला सांगत. वडील गेल्यावर मुलांनी घराच्या आत मधोमध विटांची भिंत घातली आणि दोन टोकांना दोन दारं केली. बाहेरच्या फळ्या मात्र मधोमध चिरायची कोणाची छाती झाली नाही. थोरल्यांनी वाटणीचा कागद स्वतः लिहिला. चाळीस वर्षं नोंदणी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, त्यांनी त्यात एक कलम घातलं, ‘समुद्राकडील भिंत सामाईक, दुरुस्ती उभयतांच्या लेखी संमतीने.’ या कलमाचा त्यांना त्या वेळी फार अभिमान वाटला होता.

भांडण झालं ते शिडीवरून. घरात वडिलांची एकच शिडी, ती वाटणीत थोरल्यांकडे गेली. धाकट्यांना रंग द्यायचा होता, ते शिडी मागायला आले. थोरले नुकतेच निवृत्त झाले होते आणि कोणी काही मागायला आलं की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघत असे. ते म्हणाले, "लेखी अर्ज कर." चेष्टाच होती ती. पण चेष्टा करताना त्यांचा चेहरा कचेरीतल्यासारखाच राही, आणि तो पाहून हसलेला माणूस चाळीस वर्षांत एकही नव्हता. धाकटे परत गेले, नवी शिडी विकत आणली आणि आपल्या अर्ध्या भिंतीला पांढरा रंग दिला. वडिलांच्या वेळचा निळा होता. मग थोरल्यांनी आपला अर्धा भाग आणखी गडद निळा केला. मधली रेघ दोघांनीही ओळंबा लावून सरळ काढली. या एका बाबतीत घराण्याचं नाव राखलं.

त्यानंतर थोरल्यांनी साऱ्या गावाला बजावलं की त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. वाण्यानं एकदा काढलं, तर त्याच्याकडचं सामान बंद केलं. पोस्टमननं काढलं, तर त्याला सहा महिने दारातून परतवलं. गावानं रस्त्यावर कचरा टाकू नये, पाणी जपून वापरावं असे पुष्कळ नियम होते. पाळला गेला तो एवढाच. स्वतः थोरलेही शिस्तीचे. फिरायला जाताना पांढऱ्या भागासमोरून चालावं लागे, तेव्हा ते मान वळवून समुद्राकडे बघत. त्यांना समुद्राची फार ओढ आहे, असा गावाचा समज झाला होता.

तर ठोकण्याचं. सुरुवात धाकट्यांनी केली, हे महत्त्वाचं. मोठ्या वादळाच्या आधी एकदा, सकाळी नऊच्या सुमाराला, भिंतीवर तीनदा टकटक झाली होती. थोरले दाढी करत होते. गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. दहा-अकरा वर्षांनी कोणी पहिल्यांदा हाक मारली, तर त्याला जरा ताटकळू द्यावं. ते दिवसभर खुशीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली. पुढचे तीन आठवडे काहीच झालं नाही आणि त्यांना स्वतःचा राग येऊ लागला, तो त्यांनी सवयीनं धाकट्यांच्या नावावर टाकला. मग वादळ आलं, गेलं, आणि त्यानंतर रोज चारला ठोकणं सुरू झालं. या वेळी थोरल्यांनी वेळ दवडला नाही.

सात महिने झाले होते. मधे कधी कुंद हवेचे दिवस येत, पान हलत नसे, तेव्हा पलीकडून काही येत नसे. मग थोरले जेवताना अर्ध्यावर थांबत. गुडघे धरले असतील, लहानपणापासून त्याची हाडं कच्चीच. ते हळूच एकदा ठोकून बघत, म्हणजे भांडणासाठी नव्हे, चौकशीसाठी. चौथ्या दिवशी वारा सुटे, पलीकडून ठक ठक होई, आणि थोरले "आहे, आहे, मेला नाही" असं पुटपुटत काठी उचलत.

अशात त्यांच्या उशापाशी भिंतीला तपकिरी डाग पडला. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. खोलीला ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागला. गावचा सुतार कामात होता म्हणून शेजारच्या गावचा बोलावला. पन्नाशीचा, कानाला पेन्सिल, बोलणं बेताचं. त्यानं बाहेरून निळ्या फळ्या बोटानं टकटक वाजवत पाहिल्या, एके ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"केक झालाय, काका," सुतार म्हणाला.

मग त्यानं सविस्तर सांगितलं. लोखंडी खिळे खाऱ्या हवेनं गंजले, गंजानं भोवतीचं लाकूड खाल्लं. त्यात कोणीतरी फळ्यांच्या खालच्या फटी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्यात, त्यामुळं आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. थोरल्यांनी ते कोणीतरी कोण हे सांगितलं नाही. तळच्या पाच फळ्या बदलायच्या, मागं डांबरी कागद घालायचा, स्टेनलेस स्टीलचे खिळे आणि तेही फक्त खालच्या अंगाला, कारण फळी पावसात फुगते, उन्हात आकसते, तिला हलायला जागा ठेवावी लागते. दोन्हीकडून आवळली की चिरते. थोरले मान डोलावत होते. शेवटी सुतार म्हणाला की फळ्या सलग आहेत, अर्ध्यावर कापून जोड दिला तर वर्षभरात तिथूनच पाणी शिरेल. बदलायच्या तर अठरा फूट.

"पलीकडच्यांना विचारावं लागेल."

"आम्ही बोलत नाही," थोरले म्हणाले.

"बोलत असता तरी काय उपयोग? तिकडं कुलूप आहे."

"बाहेर गेला असेल. येईल."

"मुलीकडं गेलेत ना ते. आठ महिने होतील." सुतार स्क्रूड्रायव्हर पुसत होता. तो परगावचा; त्याला नियम ठाऊक नव्हता. "वादळाच्या आधीच नेलं तिनं. वादळानंतर मला फोन करून म्हणाली, जरा घर बघून या. आलो तर तळच्या एका फळीचं तिकडचं टोक खिळे निघून नुसतं लोंबत होतं. अजून तसंच आहे. ठोकून टाकू का विचारलं, तर म्हणे भिंत सामाईक आहे, काकांची लेखी संमती लागेल, आणि काकांना विचारणार कोण."

थोरल्यांनी बराच वेळ काठीच्या मुठीकडे पाहिलं. तिच्यावरचं पॉलिश एका बाजूनं पार गेलं होतं.

"लोंबते म्हणजे काय करते?"

"वारा सुटला की आपटते. तीन-चारदा आपटते, मग वारा दम खातो, मग परत. दुसरं काय करणार?"

चारला दहा कमी होते. सुतारानं विचारलं, तात्पुरते दोन खिळे मारू का, तेवढंच पाणी थांबेल. थोरले म्हणाले, आत्ता नको, उद्या. सुतार सायकलवर टांग टाकून गेला.

मग थोरले घराला वळसा घालून अकरा वर्षांत पहिल्यांदा पांढऱ्या भागासमोर उभे राहिले, पाठ समुद्राकडे करून. रंगाचे पोपडे उडाले होते. खिळ्याखिळ्याखाली गंजाचे ओघळ आले होते, भिंत महिनोन्‌महिने रडल्यासारखी. पण निळ्या भागावरही ते तसेच होते, फक्त गडद रंगात दिसत नव्हते. खिडकीच्या काचेवर मिठाचा थर होता. तळच्या एका फळीचं टोक एका खिळ्याला लटकून होतं.

वारा आला. फळी हातभर उचलली गेली आणि आपटली. ठक ठक ठक. थांबली. ठक ठक. मग तिनं वाट पाहिली. निदान थोरल्यांना तसं वाटलं, कारण इतके दिवस या ठिकाणी त्यांची पाळी येत असे. काठी हातात होती. त्यांनी ती उचलली नाही. फळी पुन्हा आपटली. उत्तर आलं काय, न आलं काय, तिला सारखंच होतं.

रात्री त्यांनी कागद घेतला. अकरा वर्षांनी भावाला काय लिहितात हे त्यांना माहीत नव्हतं, पण अर्ज कसा लिहितात हे माहीत होतं. ‘विषय: सामाईक भिंतीच्या पाच फळ्या बदलण्यास संमती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की,’ असा तो सुरू झाला आणि तसाच संपला. महोदय खोडून काय घालावं याचा त्यांनी बराच विचार केला. शेवटी महोदयच ठेवलं. पत्ता सुतारानं पुतणीला फोन करून मिळवला. ते गाव समुद्रापासून फार आत होतं. तिथं म्हणे काहीच गंजत नाही.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. पोस्टमननं पाकीट दिलं आणि मागं पाठवणाऱ्याचं नाव आहे ते आपल्याला दिसलंच नाही असा चेहरा केला. आत त्यांचाच अर्ज होता. समासात धाकट्यांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर:

‘मंजूर. माझ्या बाजूला पांढराच रंग द्यावा. दादा, निघालो त्या दिवशी सकाळी भिंतीवर तीनदा ठोकलं होतं. बाहेर येशील असं वाटलं. टॅक्सी थांबली होती. तू घरी नसशील.’

थोरल्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. तीनदा, सकाळी नऊला, गालाला साबण. सात महिने त्यांनी एका फळीला न चुकता उत्तरं दिली होती, आणि माणसानं ठोकलं होतं तेव्हा दाढी करत होते.

काम चार दिवस चाललं. सुतारानं पहारीनं जुन्या फळ्या उपटल्या; त्या हातात धरल्या की त्यांचा भुगा पडे. मधल्या खांबाचा पाय कुजला होता, तो कापून नवा तुकडा बसवला. नव्या फळ्यांच्या कापलेल्या टोकांनाही रंग पाजला, कारण लाकूड तिथूनच आधी पाणी पितं, म्हणाला. थोरले खुर्ची टाकून बसत आणि मधूनच विचारत, फळीला हलायला जागा ठेवली ना? ठेवली, काका. मग आवाज येईल का? सुतार हसला.

"आवाज आला तर पैसे परत घ्या."

रंग थोरल्यांनी स्वतः दिला. शिडीवर चढायचं वय नव्हतं, पण तळच्या पाच फळ्यांना शिडी लागत नाही. ओळंबा लावून रेघ काढली. निळा दिला, पुसून ब्रश बदलला, पांढराही दिला, आणि नाही म्हटलं तरी पांढरा हात जरा जास्त नीट बसला.

पाचव्या दिवशी चारला वारा सुटला. खिडकीचा पडदा फुगला. थोरले खुर्चीत ताठ बसून राहिले. भिंत गप्प होती. सुतारानं काम चोख केलं होतं. अशा चोख कामाबद्दल तक्रार कुठं करायची, हे चाळीस वर्षं कचेरीत बसलेल्या माणसालाही सुचेना. सव्वाचार झाले. त्यांनी काठी उलटी धरली आणि भिंतीवर तीनदा ठोकलं. बेतानं, सकाळी नऊला कोणी ठोकावं तसं. पलीकडच्या रिकाम्या खोल्यांतून आवाज घुमून आला आणि विरला.

ते उठले. कोपऱ्यात वडिलांची शिडी उभी होती, अकरा वर्षांची धूळ अंगावर घेऊन. त्यांनी ओल्या फडक्यानं तिची एकेक पायरी पुसली. चौथी जरा डुगडुगत होती, तिला पाचर मारली. मग चहा टाकला, टेबलाशी बसले आणि कोरा कागद पुढं ओढला.

‘विषय: शिडी घेऊन जाणेबाबत.’

खाली त्यांनी लिहिलं की सदर शिडी पोस्टानं पाठवता येत नाही, टॅक्सीतही मावणार नाही, तरी संबंधितानं समक्ष हजर राहून ताब्यात घ्यावी. मुदत घातली नाही. मग वर जाऊन महोदय खोडलं, आणि लहानपणी ज्या नावानं त्याला हाक मारत ते लिहिलं. ते नीट आठवायला त्यांना जरा वेळ लागला. एवढ्यात चहा उतू गेला. आज चुकून दोन कपांचं पाणी झालं होतं.